दाण्याचं माप

दाणाबंदरात एकतीस वर्षं मी काटे तपासले.
दांडी मध्यावर, पारडी कोरडी,
वजनाच्या बुडाला शिसं, शिशावर शिक्का, शिक्क्यात साल.
व्यापाऱ्याचा चहा कधी प्यालो नाही.
दोनदा प्यालो.

आता मोतीबिंदू पिकतोय, आणि रद्दीवाल्या कासमभाईनं
किलोच्या भावानं एक पुस्तक दिलंय :
आयर्लंडचे जुने कायदे.
तेराशे वर्षांपूर्वीचा मुलूख. नाणं नाही.
भाव गाईत. दुभती, भाकड, कालवड,
अशी सुटी मोड.
गलबतातून द्राक्षाची दारू उतरायची,
परतीला कातडी चढायची,
आणि माणसं.

प्रत्येकाला तिथे तोंडाची किंमत.
शब्दच तसा आहे त्यांच्यात.
आपण तोंड बघून माप देतो,
ते आधी तोंडच मापायचे.
राजा कुदळ घेऊन एकटा सापडला
तर त्याचा भाव त्या दिवसापुरता कुळाइतका.
(हे वाचून मी मोठ्यानं हसलो. शेजारी कोणी नव्हतं.)

मग वैद्याचं पान आलं.
जखम दाण्यांनी मोजायची, ओळीत मांडून.
राजाची गव्हानं, त्याखालच्याची सातूनं,
असं उतरत उतरत
शेवटच्या माणसाची पावट्यासारख्या जाड दाण्यानं.
दाणा बारीक, तर मावतात जास्त.
तेवढीच चीर :
राजाच्या गालावर सहा, कुळाच्या गालावर तीन.
इतका चोख खोटा काटा
मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

असं म्हणालो, आणि बजाबा पार्टे आठवला.
जावळीचा. पोत्याचा आकडा निसटून गालात शिरलेला.
मुकादमानं दोन बोटं लावली जखमेला,
"दोन दिवस खाडा, भरपगारी," म्हणाला,
वर चिमूटभर हळद.
त्याच महिन्यात वेलजीशेठच्या भाच्याचं नख शटरमध्ये सापडलं होतं,
तर पेढी दुपारपासून बंद,
डॉक्टर गाडीतून.
मी तिथेच होतो, पितळी वजनं हातात.
काटा बरोबर होता. मी शिक्का मारला.

मोठ्या रकमांना त्यांच्याकडे माप होतं, कुमाल.
मला वाटलं, आपल्या हमालाचाच कोणी भाऊबंद.
कुमाल म्हणजे दासी.
एक बाई, तीन दुभत्या गाई.
पुढे पुढे बाई देणंघेणं मागे पडलं,
तरी दंड तिच्यात, जमीन तिच्यात :
सात बायांची जमीन, म्हणायचे,
आणि बांधावर एकही बाई नाही.

गोजरा मात्र होती.
माझं काम संपेपर्यंत खराटा घेऊन उभी.
काट्याखाली सांडेल ते तिचं,
खडे, उंदराच्या लेंड्या आणि तूर.
कुठल्याच वहीत ती जमा नाही, खर्ची नाही.
एकदा भरली ओंजळ माझ्यापुढे धरून म्हणाली,
"सायेब, हिच्यावर पण मारा की शिक्का."
सगळी पेढी हसली.
मी साहेब होतो, मीही हसलो.
ओंजळीतून थोडी तूर गळली, ती तिनं पुन्हा झाडून घेतली.

बाजार वाशीला गेला त्याला जमाना झाला.
पत्रे गंजले, बजाबा गावी गेला, गोजराचं कोणाला विचारू?

काल रात्री डब्यातून मूठभर गहू काढले,
मूठभर पावटे.
पेपरावर दोन बोटांची रेघ ओढली आणि मांडले.
गहू सहा.
पावटे तीन.
पुन्हा मांडले.
बायको उठून आली. "एवढ्या रात्री काय निवडताय?"
म्हटलं, एक जुना काटा आहे. मीच पास केलेला.
तिनं चष्म्यातून पेपराकडे पाहिलं,
रेघेवरचे पावटे उचलले, डब्यातले आणखी घेतले
आणि भिजत घातले, सकाळच्या उसळीला.
गहू तसेच राहिले, ओळीत.